हाताचं चित्र

एका जागी बसणं वस्तादांना कधी जमलंच नाही. तीस वर्षं मळणी मशीनपाशी उभ्याने गेलेली, त्यात ऐन सुगीचे दिवस, आणि सकाळच्या प्रहरी अवजारांच्या गोदामात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चित्रं ओळखायची! ते सारखे पाय हलवत होते. मशीनवरची चित्रं मजुरांना कितपत कळतात, याची पाहणी करायला आलेली बाई मात्र निवांत होती.

शेत हाकेच्या अंतरावर. आज मशीनवर सून पहिल्यांदाच एकटी होती, त्यामुळे वस्तादांचा एक कान तिकडेच लागलेला.

"हे काय?" बाईने कार्ड पुढे केलं.

"कान झाकलेला माणूस. आवाज फार, कान झाका."

"आणि हे?"

"पुस्तक. आधी वाचा म्हणतात. वाचतो कोण!"

बाई हसली नाही. वस्ताद जरा हिरमुसले.

मग पिवळ्या त्रिकोणाचं कार्ड आलं. आत दातेरी चाक आणि त्यात गेलेला हात. वस्तादांच्या मशीनच्या झाकणावर हेच चित्र चिकटवलेलं होतं.

"हे तर झोपेतही सांगीन," ते म्हणाले. "मशीन तुंबलं की इथलं झाकण उघडायचं आणि हात घालून साफ करायचं. जागा दाखवलीय."

बाईचं पेन थांबलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? फवारणीच्या औषधाचा डबा बघा. हातमोज्याचं चित्र असलं की हातमोजे घालायचे. नळाखाली हात असले की हात धुवायचे. दाखवलंय तसं करायचं."

"डब्यावर काय करायचं ते दाखवतात, वस्ताद. इथे काय होईल ते दाखवलंय. नीट बघा, बोटं तुटलीत."

वस्तादांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. बोटं खरंच हातापासून सुटी होती. इतकी वर्षं रोज बघून दिसली नव्हती.

ते स्वतः मशीन बंद केल्याशिवाय कधी हात घालत नसत. त्यांचा हात आपोआपच आधी मशीन बंद करायच्या दांड्याकडे जायचा. पण दुसऱ्या कुणाला शिकवताना आधी बंद कर, असं म्हटलं होतं का? काही केल्या आठवेना. परवाच सुनेला झाकणावर थाप मारून सांगितलं होतं, तुंबलं की इथं हात घाल.

तेवढ्यात मशीनचा आवाज घोगरा झाला. तुंबलं होतं!

खुर्ची मागे पडली. वस्ताद धावत सुटले. ढेकळांत एक चप्पल राहिली, दुसरी त्यांनीच भिरकावली. आणि मध्येच आवाज थांबला. सहा वर्षांपूर्वी असाच थांबला होता, तेव्हा धाकट्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. दवाखान्यात वस्ताद त्याला म्हणाले होते, "लक्ष कुठं होतं तुझं?" नंतरही चारचौघांत कितीदा तरी ऐकवलं होतं. त्यालाही यांनीच शिकवलं होतं.

सून झाकणापाशी उभी होती. हातात तुंबलेला भुसा ओढून काढायचा लोखंडी आकडा.

"हात दाखव!"

"काय झालं, बाबा?"

"आधी हात दाखव!"

तिने भुसा चिकटलेले तळवे पुढे केले. वस्तादांनी बोटं मोजली. दहा. मग पुन्हा मोजली.

"मी तुला चुकीचं शिकवलं गं," ते धापा टाकत म्हणाले. "बंद करायचं सांगितलंच नाही."

सून आकड्याशी चाळा करत राहिली. "मला माहीत होतं, बाबा. काकांनी सांगितलं होतं. आकडाही त्यांनीच करून दिला."

"त्याला कधी कळलं?"

"दवाखान्यातच कुणीतरी चित्र समजावलं होतं म्हणे. पण मला म्हणाले, दादाला बोलू नकोस. त्यानंच शिकवलंय, त्याला सोसायचं नाही."

पलीकडे झाडाखाली भाऊ पोती शिवत होता. दाभण डाव्या हातात, पोतं उजव्या पंज्याखाली दाबलेलं. वस्ताद त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

भावाने त्यांच्या मातीने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि हसला.

"अनवाणीच आलास? लक्ष कुठं होतं, दादा?"

वस्ताद मटकन खाली बसले, आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन रडू लागले.