सुकन्याच्या ताब्यात तीस जण

अतीक हवालदारांचा राग सोलापुरात प्रसिद्ध होता. चोवीस वर्षं फौजेत काढलेला हा माणूस रोज पहाटे मैदानावर पोरापोरींची भरतीची तयारी फुकट करून घ्यायचा, आणि त्या बदल्यात त्यांना मनसोक्त झापायचा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

त्यांच्या हाताखालून शिपाई पुष्कळ झाले, अधिकारी मात्र एकही नाही. सुकन्या होईल, अशी त्यांना आशा होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची ही पोर धावण्यात आणि अभ्यासात कुणाला हार जायची नाही. पण अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या परीक्षेतून ती दोनदा परत आली होती. तिथं गटाचं नेतृत्व करायला लावतात आणि नेमकं तिथंच हिचं तोंड उघडत नसे. वयाच्या अटीमुळे आता शेवटची संधी उरली होती, तीही पुढच्याच आठवड्यात. उस्तादांनी मनाशी ठरवलं, रविवारी ओझी घेऊन लांब पायी चालायचा सराव असतो, त्याला तीस जणांची तुकडी हिच्या ताब्यात द्यायची. जमलं तर ठीक, नाहीतर स्पष्ट सांगायचं की बाई, तू तलाठ्याची परीक्षा दे.

"अधिकाऱ्याला आवाज पायजे," त्यांनी तिला सुनावलं. "तुझं बोलणं तुला तरी ऐकू येतंय का?"

सुकन्या नुसती हसली. उस्तादांना त्याचाही राग आला.

रविवारी सकाळी तुकडी पाठीवर ओझी घेऊन वळसंगच्या रस्त्याला लागली. सुकन्या सगळ्यांच्या मागे चालत होती. उस्ताद मोटारसायकलवरून ओरडले, "म्होरक्यानं म्होरं चालायचं असतंय! हो पुढं!" ती मुकाट्यानं पुढे गेली.

नऊ वाजता ऊन चटके द्यायला लागलं. वाटेतल्या एका गावाबाहेरच्या शाळेपाशी तुकडी थांबली.

"नफरी सांग," उस्ताद म्हणाले. नफरी म्हणजे हजर माणसांचा आकडा.

सुकन्यानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "सोनम न्हाय."

"नाव न्हाय, आकडा इचारलाय मी! मोज एकेक!"

ती मोजेना. तिच्या घरी जित्राबं मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. मेंढरं किती असं विचारलं तर तिचा बाप सिदू "हायती की" एवढंच सांगतो. पण संध्याकाळी कळप आत शिरला की कोण आलं नाही, हे त्याला नुसतं बघून कळतं. लेकीलाही तीच सवय. उस्तादांनी दात-ओठ खात स्वतः मोजलं. एकोणतीस भरले.

तोवर सुकन्या आल्या वाटेनं धावत सुटली होती.

दीड किलोमीटर मागे, रस्त्यालगतच्या बाभळीखाली सोनम पडली होती. अंग भाजत होतं आणि ती काहीबाही बरळत होती. पोरीचा उपास होता, कुणाला बोलली नव्हती. उस्ताद गाडीवरून पोचले तेव्हा सुकन्यानं तिचे बूट काढून मानेवर ओला रुमाल ठेवला होता. सुकन्या मागे असती तर सोनम तिच्या नजरेतून सुटली नसती; आपणच तिला पुढे हाकललं, हे उस्तादांना आठवलं.

"उस्ताद, गावातनं जीप आणा," ती मान वर न करता हळूच म्हणाली. "आन् पाणी."

उस्तादांनी जीप आणली, पाणीही आणलं.

"मी हिला दवाखान्यात नेते. तुमी बाकीच्यास्नी सावलीत बसवा. अजून कोण उपाशी हाय का बघा, गूळ-शेंगदाणे द्या."

उस्ताद शाळेकडे सुटले. पोरं सावलीत बसवली, दुकान उघडायला लावून गूळ आणला, प्रत्येकाला खाल्लंस का विचारलं. सोनम शुद्धीवर आली, सलाईन लावलंय, असा फोन आला तेव्हा कुठे ते ओट्यावर टेकले.

आणि मग त्यांना उमगलं. बावन्न वर्षांचा हवालदार तासभर एका पोरीच्या सांगण्यावरून पळत होता. का, कशाला, असं विचारायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. तिनं आवाज एकदाही चढवला नव्हता. एवढ्या नोकरीत असे अधिकारी त्यांना दोनच भेटले होते, तेही पिकल्या केसांचे. आणि आपण हिला तलाठ्याची परीक्षा द्यायला सांगणार होतो!

शिवकुमार नावाचा एक दांडगा गडी जवळ आला. "उस्ताद, माघारी कवा निघायचं?"

उस्तादांनी हुकूम द्यायला तोंड उघडलं, पण तसंच मिटलं. मग खिशातला फोन काढत ते म्हणाले, "थांब, मॅडमना इचारून सांगतो."