मंडईच्या रस्त्यावरचा वाघ

व्हॉट्सॲप आमच्याकडे नुकतेच घरोघरी पोचले होते. मी गोंदियात पत्रकारितेच्या वर्गाला बातमीलेखन शिकवत होते. दिवाळीनंतर एका सकाळी अर्जुनी मोरगावकडची विद्यार्थिनी फोन हातात धरूनच वर्गात शिरली. फोटोत बांधावर बसलेला वाघ. खाली लिहिलेले, तिच्या गावच्या रस्त्यावर वाघाने बाई मारली.

दुसऱ्या दिवशी त्या गावची मंडई होती. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या या जत्रेत पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. तिच्या ताईला पाहायला गोरेगावचे पाहुणे यायचे होते. ते आता बेत रद्द करायच्या गोष्टी बोलत होते.

वर्गाला चेव आला. खोटी बातमी म्हणजे तोवर परीक्षेतली एक टीप. आज ती हाताशी सापडली होती. सगळे फोनवर वाकले. तीच म्हणाली, "मॅडम, वाघाच्या मागं पहा, रोवणी चालू आहे. अन् आमच्याकडं तर धान कापून राहिले." रोवणी म्हणजे भाताची लावणी, ती पावसाळ्यात होते; म्हणजे फोटो आताचा नव्हताच. एकच गलका झाला. वनखात्याला फोन लावला. अशी घटना घडलीच नव्हती. मुलांनी लगेच त्याच फोटोखाली 'ही अफवा आहे' असे लिहून दिसेल त्या ग्रुपवर टाकले.

दुपारपर्यंत डाव उलटला. लोकांनी मजकूर गाळून नुसता फोटो पुढे पाठवला, आणि तो कॉलेजातून आल्यामुळे आणखीच खरा ठरला. पाहुण्यांनी तिच्या वडिलांना सुनावले की तुमचीच पोरगी वाघ पाठवते अन् तुम्ही या म्हणता.

ती रडली नाही, चिडली. "आपण वाघ कायले पाठवला? रस्ता पाठवायचा होता."

मग काय, मिळाली ती एसटी धरून आम्ही निघालोच. पोरांनी पिवळा धान टिपला, कापणी करणाऱ्या बाया टिपल्या, मैदानात उभा राहत असलेला आकाशपाळणा टिपला. रस्त्याच्या मधोमध ती आणि तिची ताई उभ्या राहिल्या. खाली एवढेच लिहून सगळ्या ग्रुपवर टाकले: 'आमच्या मंडईचा रस्ता. उद्या या.' वाघाचे नाव नाही.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. गोरेगावची जीप आली. उतरणाऱ्यांपैकी एकाच्या हातात काठी होती. तिच्या वडिलांनी ती घेऊन भिंतीला टेकवली आणि पाय धुवायला पाणी पुढे केले.