चार माणसांचा डोंगा

माझे शिक्षण नववीच्या सहामाहीपर्यंत झालेले आहे. हे प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढील मजकुराची भाषा पाहून वाचकांचा याबाबत गैरसमज होण्याचा संभव आहे. तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली टंकलेखन यंत्र मांडून मी अर्जनवीस म्हणून बसतो. केशोरीपासून इकडच्या गावांतले फेरफाराचे, रेशनकार्डाचे, धान बुडाल्याचे अर्ज माझ्याच हातून कचेरीत जातात. माझ्या अर्जावर ‘आशय स्पष्ट होत नाही’ असा शेरा आजवर एकाही साहेबाने मारलेला नाही.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. सरकारकडे हवे त्याच्या दुप्पट मागायचे. गावाला एक हातपंप पाहिजे असेल तर अर्जात दोन लिहायचे. कचेरीत काटछाट होऊन एक पदरात पडतो. ही रीत मला माझ्या गुरूंनी शिकवली, आणि मी ती कधी मोडली नव्हती.

दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात तलावाकाठच्या टोलीवरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, एक ढिवर माझ्याकडे आला; मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा. सोबत त्याची बायको होती. राखीव जंगलातला आमचा तो तलाव पाहायला लांबून माणसे येतात, विशेषतः हिवाळ्यात बाहेरदेशीचे पक्षी उतरतात तेव्हा. हा मनुष्य अनेक वर्षे त्या पाहुण्यांना आपल्या डोंग्यातून फिरवीत असे. डोंगा म्हणजे झाडाचे खोड कोरून केलेली नाव; तशा दोन नावा बांबूंनी एकमेकींना बांधून त्याने एक केली होती. आता जंगल खात्याचे फर्मान निघाले होते की परवाना असेल त्याचीच नाव पाण्यात राहील. परवाना नाही मिळाला तर डोंगा काठावर ओढायचा आणि नवरा-बायकोने हैदराबादेकडे वीटभट्टीवर जायचे, असे त्यांचे ठरलेले होते.

“किती माणसे बसतात?” मी कागद यंत्रात चढवीत विचारले.

“चार,” तो म्हणाला. “मी पाचवा.”

मी ‘आठ’ असे टंकित केले.

त्याच्या बायकोला अक्षरओळख होती. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. “चार म्हनला ना जी त्यानं? आठ काऊन लिवून राह्यले?”

“बाई, साहेब अर्धे कापतो. आठ लिहिले तर चार उरतील. चार लिहिले तर दोन. मग काय कराल?”

तिच्या नवऱ्याला आणखी बरेच काही लिहून हवे होते. डोंगरीकडून वारा सुटला की तो डोंगा सोडत नाही. कमळाच्या बाजूला पक्षी बसतात, तिकडे तो नेत नाही. पिऊन आलेल्याला बसवत नाही. फोटोसाठी कोणी उभा राहिला तर डोंगा परत काठाला लावतो. मी हात वर करून त्याला थांबवले. “अर्जात मागायचे असते. नकार द्यायचे नसतात. हे सगळे वाचून साहेब म्हणेल, हा माणूस नाव चालवतो की बंद ठेवतो?”

“बरं,” तो म्हणाला. “तुमाले समजते त्यातलं.” आणि त्याने माझ्या सुंदर अर्जाखाली सही केली.

पडताळणीच्या दिवशी मी स्वतः तलावावर उपस्थित होतो. माझे तेथे काही काम नव्हते. परंतु आपल्या हातचा अर्ज साहेब मोठ्याने वाचतात ते ऐकण्याची मला हौस आहे. जंगल खात्याचे हे साहेब गोंदियाहून आलेले, निम्मे हिंदी बोलणारे, वागायला सरळ. त्यांनी अर्ज वाचला आणि काठावर उभ्या असलेल्या शिपाई, वनरक्षक, चहावाला अशा सगळ्यांकडे बोट केले. “चलो, आठ जण बसा. देखते हैं.”

चौघे बसले. पाचव्याने पाय टाकताच ढिवराने वल्हे आडवे धरले.

“बस झाले, साहेब. चार.”

“अरे, कागदावर आठ आहे. सही तुझीच ना?”

“माहीच.”

“मग बिठाओ.”

“नाही बसत जी. कडा पान्याला लागते.”

“म्हणजे कागद खोटा?”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी चहाचा कप हातात धरून उभा होतो, वीस पावलांवर. त्याने माझ्याकडे बोट केले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. तो म्हणाला, “कागद माहा हाये साहेब, डोंगाही माहा हाये. डोंग्याचं मी खरं सांगून राह्यलो.”

साहेबांनी अर्जावर लाल शाईने शेरा लिहिला, ‘माहिती विसंगत. नामंजूर.’ मी कप खाली ठेवला आणि सायकल काढली. त्या दिवशी माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही, हे मला आजही लिहिताना जड जाते.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको कडुनिंबाखाली आली. मला वाटले भांडेल. तिने पिशवीतून शिंगाडे काढून माझ्या यंत्राशेजारी ठेवले. “हे त्यानं धाडले. म्हनला, अर्जवाल्यानं मेहनत केली.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पर मी म्हनतो, तुमी कधी डोंग्यात बसले का जी?”

मी कधीच बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. अजून बंदी लागू व्हायची होती. त्याने प्रथम माझ्या कमरेला वाळलेला, आतून पोकळ असा मोठा भोपळा बांधला. त्याला ते तुंबा म्हणतात, आणि त्याच्या भरवशावर माणूस बुडत नाही. माझ्यासारख्या प्रतिष्ठित माणसाच्या पोटावर भोपळा शोभत नव्हता, तरी मी तो बांधू दिला. मधोमध गेल्यावर तलावाचे क्षेत्रफळ आणि बांधाचा इतिहास याविषयी त्याला चार शब्द सांगावेत म्हणून मी उभा राहिलो. डोंगा एका अंगाने असा कलला की माझी चप्पल पाण्यात गेली.

“बसा खाली!” तो ओरडला. “हे तहसील नाही!”

मी बसलो. नंतर बराच वेळ दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरून होतो. कमळांच्या अलीकडे त्याने वल्हे पाण्यातून काढून मांडीवर आडवे घेतले. पुढे पाण्यावर बदकांचा मोठा थवा होता. “त्याच्यातल्या एकानं मुंडी वर केली का थांबाचं,” तो हळू आवाजात म्हणाला. “अजून पुढं गेलो तर सारे उडते. दोन-चार खेपा उडवले का दुसऱ्या साली येतच नाही. मग पावने कायले येतीन?”

त्या एका वाक्यात पर्यटनाविषयी जेवढे होते तेवढे माझ्या आजवरच्या कोणत्याही अर्जात नव्हते. परतताना त्याने मला माझी चप्पल पाण्यातून काढून दिली. शेऱ्याचा विषय मात्र त्याने काढला नाही.

मी त्याच दिवशी यंत्रापाशी बसलो. नव्या अर्जात ‘चार’ लिहिले. तो जे-जे नाकारतो ते सगळे त्याच्याच क्रमाने लिहिले: वारा, कमळाची बाजू, दारू, उभे राहणे, तुंबा, मान वर करणारे पाखरू. त्यासोबत एक स्वतंत्र कागद जोडला. आधीच्या अर्जातला आकडा अर्जदाराने सांगितलेला नसून तो मी माझ्या मनाने वाढवला होता, आणि त्याने सांगितलेल्या अटी मीच गाळल्या होत्या, असे त्यात नमूद केले. अर्जनवीस दुसऱ्याच्या सहीची जागा फुलीने दाखवतो. त्या कागदावर मी फुली मारली आणि त्याच फुलीवर स्वतःची सही केली. आवक-जावकचा बाबू हसून म्हणाला, “काय हो, आज तुम्हीच अर्जदार? आता तुमच्याकडे कोण येणार?” ही भीती मलाही होतीच.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले. दोन्ही कागद वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ढिवराला विचारले, “आणि आठ जण एकदम आले तर?”

“दोन खेपा करीन.”

साहेब थोडे हसले. तुंब्यांऐवजी सरकारी जाकिटे घालण्याची अट त्यांनी वाढवली आणि एका हंगामाचा परवाना दिला. पुढे दरवर्षी तो नवा होत गेला. वीटभट्टीचे नाव त्या घरात पुन्हा निघाले नाही. त्याच्या अटी खात्याने घाटावर फलकावर रंगवून घेतल्या. त्यातली भाषा माझी आहे, हे जाणकारांच्या लक्षात येईलच.

दोन वर्षांनी आमगावहून माझी मेहुणी, साडूभाऊ आणि त्यांची दोन मुले आली. तलाव दाखवायला मी त्यांना घेऊन गेलो आणि वाटेत या सर्व प्रकरणातले माझे योगदान सांगितले. घाटावर ढिवराने मला रामराम केला, चौघांना जाकिटे घालून बसवले. मी धोतर सावरून पाय उचलला तसे वल्हे आडवे आले.

“चार झाले जी.”

“अरे, मी आहे!”

“तुमीच तं लिवलं. बसा तिथं, दुसऱ्या खेपेला नेतो.”

साडूभाऊ हसले. मी फलकाखालच्या दगडावर बसलो. डोंगा कमळाच्या अलीकडे जाऊन थांबला, तेव्हा पक्षी होते तिथेच बसलेले मला काठावरून दिसत होते.