एकट्याच्या सालांचा ढीग

माझ्या जिभेला हाड नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. घरी मी एकटी, सोबतीला शिवणयंत्र, तेव्हा बोलायला मिळालं की जास्तच बोलते. तर शेजारच्या परसातून घाण वास यायला लागला, घुशी फिरायला लागल्या, तेव्हा मी पदर खोचून थेट आचाऱ्यांच्या दारात गेले.

आचारी म्हणजे माझे शेजारी. उभा जन्म कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेला, रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक. निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच गेलेली, मुलगी दूर तिच्या संसारात. घरामागचं परस नावालाच होतं. घर बांधणाऱ्याने विटांचे तुकडे नि चुना तिथेच पसरून वर चार घमेली माती टाकलेली. कुदळ मारली की खण्‌ वाजायची. मुलगी म्हणायची, "बाबा, विका ते घर आणि या इकडे." आचाऱ्यांनी तिला शब्द दिला होता, "एवढी माती कसदार करतो. वर्षात तिच्यातून वेल वर चढला नाही, तर मुकाट्याने येतो."

कॅन्टीनच्या मागे त्यांचा खताचा ढीग असायचा. भाज्यांची सालं, वर वाळका पाला, पुन्हा सालं. सकाळी त्यातून वाफा निघायच्या म्हणे. तसाच ढीग त्यांनी इथे रचला, पण तो काही केल्या तापेना, आणि तापल्याशिवाय खत होत नाही. कसा तापणार? अहो, एका माणसाच्या स्वयंपाकाची सालं ती किती! एक बटाटा, अर्धा कांदा. मूठभर सालं पाल्यात पडायची आणि तशीच वाळून जायची.

तर मी दारात उभी. आत बघते तो काय, शेगडीवर भलंमोठं पातेलं, ओट्यावर कोबी-भोपळ्याची रास.

"कोण यायचंय एवढं जेवायला?"

"कुणी नाही."

"मग हे काय?"

ते ओशाळले. "सालांसाठी हो, टेलरबाई. ढिगाला सालं लागतात. सोललेली भाजी टाकवत नाही, म्हणून शिजवतो."

"आणि शिजवलेलं?"

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. उरलेली तेलामिठाची भाजी ढिगातच जात होती. म्हणून तो वास, म्हणून त्या घुशी.

"अक्कल गहाण टाकलीत का?" मी कडाडले. "एवढ्यांना जेवू घातलेला माणूस अन्न उकिरड्यावर ओततो?"

"खाणारं कोण आहे?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी खोचलेला पदर सोडला. मी म्हटलं, "ताट वाढा." दोनदा वाढून घेतलं. भाजी चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते भाजीचा डबा घेऊन दारोदार जायला लागले. डबा द्यायचा, रिकाम्या बादलीत सालं घ्यायची. मी गेले नाही बरोबर. निम्म्या गल्लीशी माझं विळ्याभोपळ्याचं सख्य, मला कोण सालं देणार? मी आपली माझी मूठभर सालं भिंतीवरून द्यायची.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "टेलरबाई, हात घाला, हात!" मी जाऊन पाल्याखाली हात खुपसला. ऊन लागलं. शिजत्या भातावरचं झाकण उचलल्यावर लागतं तसं. आचारी हसत होते, आणि खरं सांगते, मलाही फार बरं वाटलं.

खत तयार झालं. ते मातीत मिसळून वर त्यांनी पालापाचोळ्याचा जाड थर दिला, म्हणजे उन्हाने माती भाजत नाही, ओल टिकते. माझ्या सुती चिंध्याही त्यात गेल्या. थर उचलला की खाली गांडुळं वळवळायची. वर्षाच्या आत शेंगांचा वेल भिंत चढून माझ्याकडे उतरला. आचारी जिंकले होते.

आणि मग न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी आली, आपल्याकडे न्यायला. वाईट नाही हो पोरगी, पण तिने तरी काय करायचं? गाडीत बसताना ते मला एवढंच म्हणाले, "ढीग थंड पडू देऊ नका."

मी रोज माझी सालं घालते. एक बटाटा, अर्धा कांदा. आचाऱ्यांचा डबा बंद झाला तशी गल्लीतली बादलीही बंद झाली. मी कुणाकडे मागायला गेले नाही.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. काल आला तेव्हा मी ढिगापाशीच उभी होते, कोपरापर्यंत हात आत.

"तापलाय का?"

ढीग गार होता. गार आणि ओला.

"तापलाय हो," मी म्हटलं. "हात भाजला माझा."

"मग चूल पेटती आहे म्हणायची," ते म्हणाले. "आता जेवतो थोडं."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. कुणी विचारणारं नव्हतं, तेव्हा पोटभर रडून घेतलं. मग स्वतःचाच राग आला. बादली उचलली आणि समोरच्या घराची कडी वाजवली. त्या बाईशी मी ब्लाउजवरून भांडले होते. ब्लाउज घट्ट नाही, तुम्ही सुटलात, असं तोंडावर म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

दार उघडलं. तिने एक हात कडीवरच ठेवला.

"काय हवंय?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी बादली पुढे केली.

"सालं," मी म्हटलं. "असतील तेवढी द्या."