परसूच्या बाटल्यांतली भावकी

आमचा परसू सातवीपर्यंतच शिकला, पण त्याच्यासारखी बाटली धुणारा अख्ख्या बेंगळुरात दुसरा दाखवा. निपाणीहून आला, राजाजीनगरात खोली केली आणि त्र्याण्णव साली एका प्रयोगशाळेत लागला. काम काय, तर नाल्या-तळ्यांचं पाणी आणायचं. त्या पाण्यात जंतू, आणि जंतूंनाही खाणारे त्याहून बारीक विषाणू. काचेच्या ताटलीत जंतूंची साय धरली की विषाणू तिला भोकं पाडायचे. परसू ती ताटली उजेडाला धरून हरवून जायचा. आभाळभर चांदण्या, आणि एकेक चांदणी म्हणजे एकेक घराणं.

एकदा त्यानं एक बाटली पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीमागच्या नाल्यातून आणली, एक देवनहळ्ळीच्या तळ्यातून. प्रयोगशाळेच्या प्रमुख श्यामला मॅडमनी दोन्हीकडच्या विषाणूंचा डीएनए कापून तुकडे जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या वडीत, विजेच्या जोरावर पळवले. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली तुकड्यांच्या नारिंगी पट्ट्या उमटल्या. दोन्ही रांगा हुबेहूब.

"अण्णा, देवनहळ्ळीची बस चुकली काय? एकाच नाल्यावर दोन बाटल्या भरल्या?" तिथं शिकणारा मंजुनाथ हसला.

मॅडम हसल्या नाहीत. बाटल्यांची सरमिसळ झाली असेल तर पाणी आणायला दुसरा माणूस बघावा लागेल, म्हणाल्या.

परसूनं वाद घातला नाही, हातही जोडले नाहीत. पुन्हा जातो, बाटल्यांना तुमचं सील लावा, एवढंच बोलला. मंजुनाथलाही साक्षीला नेलं. बसच्या खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव मागं पळत होते. दोन पाण्यांत दहा कोसांचा रस्ता, आणि परसूला वाटत राहिलं, या मातीखालून कुणाचं तरी न दिसणारं गणगोत गुपचूप वाहतंय.

या खेपेला मॅडमनी जेल जास्त वेळ चालवलं, बारीकसा फरकही दिसावा म्हणून. पहिल्या खेपेचे उरलेले तुकडेही शेजारीच पळवले. परसू दाराशी उभा.

"ये, बघ," मॅडम म्हणाल्या.

सगळ्या पट्ट्या जुळत होत्या. फक्त देवनहळ्ळीच्या रांगेत चौथी पट्टी जराशी खाली, जुन्या पाण्यातही आणि नव्यातही. सरमिसळ झाली असती तर एवढाही फरक राहिला नसता.

"म्हणजे भावकी एक, चुली दोन," परसू हळूच म्हणाला.

"सरी, बरोबर. मूळ घर एकच असणार," मॅडम म्हणाल्या. "बाटल्या स्वच्छ होत्या, परसू."

त्या दिवसापासून पुढचं पाणी कुठून आणायचं, हे मॅडम आमच्या परसूलाच विचारू लागल्या.