बुवाची भूक

माझी साळूमावशी कौतुकाच्या बाबतीत भारी चिक्कू. मुलगा दहावीला पहिल्या वर्गात पास झाला तेव्हा, "चला, नापास नाय झाला," एवढंच म्हणाली. पण तिच्या कुत्र्याचा विषय काढून बघा. हातातला अर्धा ओवलेला हार मांडीवर ठेवून ती बोलत सुटते. बोलता बोलता तिची नजर मळ्याच्या वाटेकडे जाते, तिथे थोडी रेंगाळते आणि रिकामी परत येते. कुत्र्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुसरं पिल्लू आणून देते म्हटलं, तर तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्यातल्या निम्म्या तिच्याही होत्या.

मावशीचा मळा मखमलाबादच्या शिवारात. झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. मावशीचे यजमान चिमाजीकाका पाणी भरायचे, फुलं खुडायचे. विकायला मात्र मावशी जायची, कारण गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की काका वर मूठभर फुलं घालून देऊन टाकायचे. त्र्याण्णवच्या सुमारास झेंडूच्या सरीत एक पिल्लू सापडलं. पांढरं, एका कानावर तपकिरी डाग, आणि चेहरा असा गंभीर की आत्ता निरूपणाला बसेल. काकांनी त्याचं नाव ठेवलं बुवा.

नाव त्याला शोभलं. भाकरीचं फडकं नाकाशी पडलेलं असलं तरी बुवा तोंड फिरवून बसायचा. कुणी पेढा पुढे केला तरी घ्यायचा नाही. मावशीने "घे" म्हटलं की मगच. रोज सकाळी तो तिच्याबरोबर फूलबाजारात जायचा आणि टोपल्यांपाशी बसायचा. आजूबाजूच्या बायका आपापली भाकरी खुशाल त्याच्या पुढ्यात ठेवून चहाला जायच्या. कुणी वजनात मारलं, कुणी शेजारणीची फुलं उचलली, की त्या म्हणायच्या, "जा, साळूच्या कुत्र्याकडं शिकवणी लाव." मावशीला ते ऐकायला फार आवडे. अंगावर दागिना नव्हता, माहेरचं नाव मोठं नव्हतं. मिरवण्यासारखं तिच्याकडे हे एवढंच होतं आणि ती ते पुरेपूर मिरवायची.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात बुवाला खाज सुटली. शेपटीच्या बुडाशी कुरतडून कुरतडून त्याने कातडं सोलून काढलं. कडुनिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं. शेवटी मावशीने त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे यादव नावाचे डॉक्टर होते. त्यांनी एक इंजेक्शन टोचलं आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांत खाज गेली. मावशी इतकी खूश झाली की तिने शेवंतीचा हार नेऊन डॉक्टरांच्या गळ्यात घातला आणि ते बिचारे हार घालूनच एका म्हशीला तपासायला गेले.

गोळी हळूहळू कमी करत आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण कमी केली की खाज परत येई. मग मावशी ती पुन्हा वाढवी. तेवढ्यात यादव डॉक्टरांची सुरगाण्याकडे बदली झाली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. मावशीने रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवलं, त्याने तसंच भरलेलं काढून दिलं. मग काय, रोज गुळाच्या खड्यात गोळी दाबायची आणि "घे बुवा" म्हणून स्वतःच्या हाताने भरवायची. गुण येत होता, मग थांबवायचं कशाला? औषध बरं करतं एवढंच आपल्याला ठाऊक. ते आणखी काय काय करतं हे आपण विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगत नाही. डॉक्टर चांगले होते, सगळं खरं. पण दोन वाक्यं जास्त बोलले असते तर त्यांचं काय जाणार होतं? मला त्याचा आजही राग येतो.

पाऊस सरता सरता बुवा बदलला. आधी तहान वाढली. फुलांवर शिंपडायला पाण्याने भरून ठेवलेली बादली तो पिऊन टाकायचा आणि ओट्यावरच मुतायचा. मग भूक आली. आपली भाकरी संपवून मावशीच्या ताटाकडे बघत लाळ गाळायचा. कोंबड्यांचा कोंडा, उकिरड्यावरचा भात, काही म्हणून सोडायचा नाही. पोट सुटलं, बसल्या जागी धापा टाकू लागला. मावशी ओरडली की मान खाली घालायचा आणि खाली घातलेल्या मानेनेच पुन्हा चुलीकडे सरकायचा. "ह्याला लाजच नाय राहिली," असं मावशी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गूळ आणि गोळी.

एक दिवस त्याने बाजारात शेजारणीचं फडकं सोडलं आणि ठेच्यासकट भाकरी खाऊन टाकली. सगळा बाजार हसला. "बुवा भोंदू निघाला गं साळू!" मावशीने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. त्यानंतर ती त्याला बाजारात नेईनाशी झाली.

कडेलोट झाला तो चंपाषष्ठीला. त्यांचं कुळदैवत खंडोबा. चातुर्मासभर घरात वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचं पान आधी देवापुढे ठेवायचं, तळी उचलायची आणि मग दुसरं पान कुत्र्यापुढे, कारण कुत्रं देवाचं. एवढी वर्षं बुवा बाजूला बसून आपल्या पानाची वाट बघायचा. त्या वर्षी पाहुणे तळीला हात लावतात न लावतात तोच त्याने देवापुढचं पान साफ केलं. नाकाला भंडारा, मिशांना भरीत. मावशीची सासू अक्काबाई मटकन खाली बसली.

"देवाच्या आधी खाल्लं! आता हे कुत्रं घरात नको."

खंडोबाचं जनावर, त्याला मारता येत नाही. वाऱ्यावर सोडलं तर देव कोपतो. मग काकांनी तोडगा काढला. त्यांची बहीण बायडाबाई चांदवडला दिलेली, तिला कांद्याच्या खळ्यावर राखणीला कुत्रं हवंच होतं. मावशीचं आणि या नणंदेचं कधी फारसं सूत जमलं नव्हतं. तरी मावशीने अडवलं नाही. तिला वाटत होतं, ह्याने मला चार लोकांत खोटं पाडलं. बुवाला टेम्पोत चढवलं तेव्हा काकांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. "चोराला कशाला गूळ?" असं म्हणून ती आत निघून गेली. टेम्पो वळेपर्यंत बुवा दाराकडे बघत होता, हे काकांनी तिला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

घरातली भांडी आता उघडी राहिली तरी चालत होती. मावशीला तेच सोसेना. भाकरी थापताना एक जास्त व्हायची आणि ती तव्यावरच करपायची. पण परत आणू या, असं काही ती म्हणाली नाही. आमच्याकडे हट्टाची शेती बारमाही असते.

उन्हाळ्यात एका लग्नात बायडाबाई भेटली. भेटल्या भेटल्या म्हणाली, "वहिनी, असं इमानी कुत्रं तुम्ही दिलंच कसं?"

मावशीला वाटलं टोमणा आहे. पण बायडाबाई मनापासून बोलत होती. "आलं आन् आठवडाभरात आडवंच झालं बघा. उठंना, पोटात पाणी ठरंना. खड्डा खांदायला घेतला व्हता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं ताक पाजायची. वाचलं बाई. आन् आता? फडकं पुढ्यात पडू द्या, तोंड लावत नाय. लय गुणाचं."

गोळ्या थांबल्या आणि हा पुन्हा पहिल्यासारखा झाला, हे मावशीच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जुनं पाकीट घेऊन तिने दवाखाना गाठला. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या.

"बाई, ह्या गोळीनं काय व्हतं?"

"भूक फार लागते, तहान लागते. जनावराला आवरतच नाही, मावशी. आणि खूप दिवस दिलेली गोळी एकदम बंद करायची नसते. जीव जाऊ शकतो."

मावशी बाकावर बसली. "म्हणजे चोर तो नव्हता," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं त्याला भूक भरवत व्हते."

घरी येऊन तिने सासूला ठणकावलं, "देवाचं पान त्यानं नाय खाल्लं, गोळीनं खाल्लं. मी बुवाला आणायला चालले." मावशीने बाजरीच्या भाकरीला तूप लावून ती फडक्यात बांधली आणि चांदवडची एसटी धरली.

बुवाने तिला लांबूनच ओळखलं. आरडाओरडा करत धावत आला, अंगावर उड्या मारल्या, पायाभोवती घुमला. पोट आत गेलं होतं, अंगावर दाट केस आले होते. मावशी रस्त्यातच खाली बसली, त्याला पोटाशी धरून म्हणाली, "चुकलं रे बाबा माझं." बायडाबाई खळ्यावरच्या घराच्या दारात उभी होती. "न्या वहिनी, तुमचंच हाय," असं म्हणाली खरी, पण तिचा आवाज कापत होता.

मावशीने फडकं सोडलं, भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "घे बुवा."

बुवाने भाकरी हुंगली. शेपटी हलवली. मग मान वळवून बायडाबाईकडे बघितलं.

"घे रे. मी सांगते ना, घे," मावशी म्हणाली. त्याने तिचा हात चाटला, पण भाकरीला तोंड लावलं नाही. बायडाबाईच्या ते ध्यानात आलं. ती मुद्दाम पाठ फिरवून घरात गेली, तिने दारही लोटून घेतलं. बुवा भाकरीशेजारी हनुवटी टेकवून बसला आणि बंद दाराकडे बघत राहिला. मावशी पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवटी शेवटी विनवत होती. ऊन कलायला लागलं, तूप भाकरीत मुरून गेलं.

मग मावशीनेच हाक मारली, "वन्सं, या बाहेर. तुम्ही सांगा त्याला."

बायडाबाई डोळे पुसत बाहेर आली, हळूच "घे" म्हणाली आणि बुवाने ती भाकरी कणभर न सांडता खाल्ली. त्याचं खाणं होईपर्यंत मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग उठली आणि एकटीच एसटीला लागली.

दुसऱ्या दिवशी फूलबाजारात कुणीतरी विचारलं, "काय गं साळू, आणलास का तुझा चोर?"

मावशी उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चोर कुणाला म्हणती गं? माझ्या हातची भाकरी घेतली नाय त्यानं. माझ्या हातची!" असं दोनदा म्हणाली, ताठ मानेने. मग पदर तोंडाला लावून टोपल्यांच्या मागे खाली बसली, आणि शेजारणीने तिचा झेंडू विकला.