मूठभर चुरमुरे

आज देवघरातली वाळकी झेंडूची फुलं अंगणातल्या खड्ड्यात टाकली. आतून ओला, कुजट वास आला आणि मला थेट लहानपणी पाहिलेलं मत्स्यालय आठवलं.

मी दहाएक वर्षांची असेन. हिरवट उजेडात, काचेमागं आमच्याच पंचगंगेतला एक काळपट मासा संथ फिरत होता. रंकाळा तलावावर माशांना टाकतो तसे आईनं हौसेनं त्याला वरून मूठभर चुरमुरे टाकले.

"ओ वैनी!" मासे सांभाळणारे काका केवढ्यांदा ओरडले! मी लाजून आईच्या पदराआड गेले. काकांनी बाही सारली, तरी ती भिजेपर्यंत हात पाण्यात घातला आणि छोट्या जाळीनं एकेक चुरमुरा वेचून काढला. "ह्ये कुजलं की पाणी नासतंय. मग ह्यानं जगायचं कसं?"

"नदीत तर आमी रोज निर्माल्य सोडतोय की," आई म्हणाली.

"तिथं जाळी कोण फिरवणार, वैनी?"

तेव्हा तो माणूस मला उद्धट वाटला होता. आज त्याची ती ओली बाही आठवली की हात जोडावेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी आई निर्माल्याची पिशवी घेऊन घाटावर गेली आणि पिशवी तशीच घेऊन परत आली. अंगणातला हा खड्डा तिनं त्याच दुपारी खणला.